हॉलमधून उरणपर्यंत

बायको गेल्यापासून वामनराव घराबाहेर पडले नव्हते. दुःख होतंच, पण खरं कारण लाजिरवाणं होतं. सानपाड्यात सात वर्षं काढूनही त्यांना रस्ते ठाऊक नव्हते. रस्ते तिला ठाऊक असत. हे पिशवी धरून मागून चालत.

तीन महिन्यांत डोकं गंजलं. एका सकाळी त्यांनी दोनदा दाढी केली. पुण्याहून मुलाचा, हरेशचा, फोन आला.

"बाबा, हेच तुम्ही कालही सांगितलंत. महिनाअखेरीस येतो. असंच असेल तर तुम्हाला इकडे घेऊन येणार."

म्हणजे तिनं हौसेनं मांडलेलं घर बंद. ते वामनरावांना सोसणारं नव्हतं.

घरी तपासायला आलेले डॉक्टर म्हणाले, "चाला. डोकं चालतं राहील."

वामनराव हॉलमध्येच चालू लागले. दरवाजा ते गॅलरी, रोज पाचशे फेऱ्या. दहा दिवसांत हिशेबाने ते उरणला पोचले. सोफ्याला वळसा घालून उरण गाठणारा हा पहिलाच वीर! डोकं मात्र जागच्या जागी. त्या दिवशीही चहात मीठ पडलं.

अकराव्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या गोजराबाई वर आल्या. मूळच्या सानपाडा गावातल्या, जिभेला हाड नसलेल्या.

"भाऊ, घोरा बांधलाय काय घरान? दिसभर टापा वाजतान माझ्या डोक्यावर."

"डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

"मंग रस्त्यावर वाघ हाय काय? जा, बाजारातून माझ्यासाठी सुकट आना."

सुकट मिळाली, घर मिळेना. सगळ्या बिल्डिंगा एका साच्यातल्या. वामनरावांनी तिसऱ्या मजल्यावरची बेल वाजवली आणि दार उघडणाऱ्या बाईला विचारलं, "तुम्ही आमच्या घरात काय करताय?"

दुसऱ्या दिवशी आणखी एका घरी तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी खुणा धरल्या. इस्त्रीवाला, वाकडा खांब, पिवळी टाकी. वाटेत कोणी तिच्याबद्दल विचारलं तर थांबून बोलू लागले. दोन आठवड्यांत दाढी दिवसाला एकच होऊ लागली.

महिनाअखेरचा रविवार आला. अकरा वाजता फोन वाजला.

"बाबा, मी पीसीओवर आहे. मोकळ्या प्लॉटवर आता बांधकामं उभी राहिलीत, खुणाच गेल्या. आपलं घरच सापडत नाही!"

"समोर काय दिसतंय?"

"पिवळी टाकी."

"हलू नकोस. आलोच."

परतताना वामनराव स्वतःच एका भलत्याच गेटात शिरले.

"इकडे कुठे?" हरेशने विचारलं.

"शॉर्टकट पाहतोय," वामनराव रुबाबात म्हणाले आणि मागे वळले.

जेवण झाल्यावर हरेशने बाबांच्या हातचा चहा चाखून पाहिला; साखरच होती. मग म्हणाला, "तुम्ही इथेच राहा. पण पुढच्या वेळी हायवेच्या स्टॉपवर मला घ्यायला या."

"येईन की!"

हरेश दुपारी आडवा झाल्यावर वामनराव हळूच चपला घालून खाली उतरले आणि गोजराबाईंचं दार वाजवलं.

"ताई, हायवे कुठल्या अंगाला आला हो?"