मेंढी कोणी पाहिली

"काका, ही मेंढी आजवर कोणाकोणाला दाखवलीत?" प्रतिक्षानं शिवलिंगप्पांना विचारलं.

सोलापुरात नवी पेठेतल्या एका कापडदुकानाच्या माडीवर तिचं एवढंसं ऑफिस होतं. ती वकील. तिचे वडील, दिपक, टॉवेलच्या कारखान्यात माग चालवायचे आणि शिवलिंगप्पा त्याच कारखान्यात डिझाइन काढायचे, म्हणून ती त्यांना काका म्हणायची. नावं लिहून घ्यायला तिनं पेन उघडून ठेवलं होतं. सांगायला एकही नाव नाही, याचीच शिवलिंगप्पांना लाज वाटत होती.

"कोणालाच नाही," ते म्हणाले.

"कोणालाच म्हणजे? शेजारी? मित्र?"

"नाही."

"घरी कोण येतं-जातं?"

"गॅसवाला येतो. दारातनंच जातो."

प्रतिक्षाचा चेहरा एकदम उजळला. "मग लई चांगलं झालं की काका! डिझाइन नोंदवायचं तर ते नवीन पाहिजे. अर्ज करायच्या आधी लोकांपुढे आलेलं नको. बाकीचे सगळे इथंच अडकतात. कोणी प्रदर्शनात मांडतं, कोणी व्हॉट्सॲपवर फोटो फिरवतं आणि मग येतं माझ्याकडं. तुमच्यासारखा माणूस मला अजून भेटला नव्हता."

शिवलिंगप्पा हसले. आपल्या घरी कोणी येत नाही, याबद्दल आजवर कोणी त्यांचं अभिनंदन केलं नव्हतं.

मेंढी म्हणजे खेळणं. जकार्डच्या मागाला भोकं पाडलेले पुठ्ठ्याचे पत्ते लावतात. कुठलं भोक कुठं, त्यावर टॉवेलात फूल उमटणार की मोर, हे ठरतं. चाळीस वर्षं शिवलिंगप्पांनी चौकटीच्या कागदावर डिझाइनं काढली आणि मग तसे पत्ते पाडले. त्यांचं एखादं फूल चाललं की पंधरा दिवसांत गावातल्या प्रत्येक मागावर तेच फूल दिसायचं. ते कोणी काढलं हे कोणाला ठाऊक नसायचं आणि 'ते माझं आहे' असं शिवलिंगप्पा कधी कोणाला म्हणाले नाहीत. म्हणणार तरी कोणाला? लोक विचारतील, पुरावा काय.

कारखाना बंद झाला तेव्हा मालकानं त्यांना भोकं पाडायचा हाताचा पंच आणि पोतंभर कोरे पत्ते दिले. बायको गेल्यावर दुपारी करायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी ते पोतं उघडलं. चार वर्षं खपून एकतीस पत्ते आणि एक दोरी यांतून मेंढी तयार झाली. दोरी ओढली की ती उभी राहायची, ढिली सोडली की बसायची. बसताना आधी पुढचे गुडघे टेकायची आणि मग मागचं अंग खाली घ्यायची. लहानपणी सांगोल्याकडे मामाच्या गावी त्यांनी मेंढ्या अशाच बसताना पाहिल्या होत्या. चार वर्षांतलं दीड वर्ष त्या गुडघ्यांत गेलं होतं.

निदान या एका वस्तूच्या खोक्यावर आपलं नाव असावं, असं त्यांना वाटत होतं. म्हणून ते इथवर आले होते. तेही मेंढी घेऊन नाही. जुन्या सवयीनं त्यांनी चौकटीच्या कागदावर काढलेली चित्रं आणली होती.

निघाल्यावर अर्धा जिना उतरून ते थांबले आणि परत वर गेले.

"एक राहिलं," ते दारातूनच म्हणाले. "एक मेंढी मी पुण्याला पाठवलीय. नातवाच्या वाढदिवसाला. अभिमन्यू, सात वर्षांचा आहे."

"कधी?"

"मार्चमध्ये."

आता सप्टेंबर चालू होता. "मग काय म्हणाला तो?"

"काही कळलं नाही."

"तुम्ही विचारलं नाही?"

"विचारून मिळालेलं उत्तर काय खरं?" शिवलिंगप्पा म्हणाले.

प्रतिक्षानं त्यांना बसायला सांगितलं. "हे बघा काका, ते विचारावं लागेल. पार्सल उघडलंच नसेल तर उत्तम. पण पोरानं ती शाळेत नेली असेल, चारचौघांत दाखवली असेल, तर ती नवीन राहिली नाही. अर्ज टिकायचा नाही. मला खरं काय ते सांगा, म्हणजे झालं."

शिवलिंगप्पा घरी आले ते हाच हिशेब घेऊन. अभिमन्यू मेंढीशी खेळला असेल तर खोक्यावर नाव नाही. नाव हवं असेल तर त्यानं तिला हातही लावलेला नको. यातलं काय व्हावं, हे त्यांना स्वतःलाही सांगता येईना.

रविवारी अकरा वाजता त्यांनी फोन लावला. बोलताना अडखळायला नको म्हणून काय विचारायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं. फोन सुनेनं, पूनमनं घेतला. मुलगा कुमार अजून उठायचा होता.

"आप्पा! कसे आहात? तब्येत बरी ना?"

"बरी आहे. मी ते... वाढदिवसाला अभीला एक पार्सल पाठवलं होतं..."

पूनम भराभर बोलू लागली. "अगं बाई, हो! कळवायचंच राहून गेलं बघा. किती छान होतं! अभीला खूप म्हणजे खूपच आवडलं. रोज घेऊन बसतो. शाळेतसुद्धा नेलं होतं. टीचरनी अख्ख्या वर्गाला दाखवलं, माझ्या आजोबांनी केलंय म्हणून सांगत होता."

शिवलिंगप्पांनी हातातला कागद खाली ठेवला. "किती मुलं असतील वर्गात?"

"असतील की चाळीस तरी."

"आणि बसताना ती आधी गुडघे टेकते, ते आलं का त्याच्या लक्षात?"

"तेच तर त्याला जास्त आवडतं, आप्पा!"

सोमवारी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि नवी पेठेचा जिना एका दमात चढले. "अर्ज नको," त्यांनी सांगितलं. "चाळीस पोरांनी पाहिली."

प्रतिक्षा हळहळली. "अरेरे. काका, एवढी मेहनत तुमची. उद्या कोणीही बनवेल आणि आपण काही करू शकणार नाही."

"बनवू दे की."

"तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"माझ्या आजोबांनी केलंय, असं सांगत होता तो वर्गात," शिवलिंगप्पा म्हणाले. गेल्या कित्येक वर्षांत ते एवढं मोठ्यानं बोलले नव्हते. "खोक्यावर नाव छापून आणखी काय वेगळं होणार होतं?"

पुढचे दोन महिने बरे गेले. फिरायला जाताना ते सिद्धेश्वर तलावापर्यंत जाऊ लागले. पोरं खेळताना दिसली की जरा थांबायचे. आता उंट करावा, असंही मनात येऊन गेलं. उंट बसतो कसा, ते कुठंतरी नीट पाहायला हवं होतं.

दिवाळीनंतर कुमार एका लग्नाला सोलापुरात आला आणि तासभर घरी डोकावला. हातात मोठी कापडी पिशवी होती.

"आम्ही घर बदलतोय, आप्पा. नवीन फ्लॅट लहान आहे. ही थोडी भांडी आणि आईची शाल पूनमनं इकडं पाठवलीय. ठेवा तुमच्याकडं."

शिवलिंगप्पांनी चहा टाकला. कुमार चहा पिता पिता फोनवर कोणाशी तरी बोलत होता, म्हणून ते पिशवीतलं एकेक काढून टेबलावर ठेवू लागले. शालीच्या खाली खाकी कागदातला पुडा होता. वर त्यांच्याच अक्षरात 'चि. अभिमन्यू यास' लिहिलेलं. दोरीची गाठ तशीच होती. तुटलेलं सूत जोडताना मारतात तशी, त्यांच्या हातची. ती एकदा सुटली असती, तर दुसऱ्याला तशी बांधता आली नसती.

"हे काय आहे?" फोन ठेवून कुमारनं विचारलं.

"काही नाही. जुने पत्ते आहेत."

"अजून ते सगळं घेऊनच बसलाय होय?" कुमार हसला. "टाकून द्या की आता. बरं, मी निघतो. गाडी चुकली तर कुर्डुवाडीपर्यंत तरी बस बघावी लागेल."

तो गेल्यावर शिवलिंगप्पांनी दोन्ही कप धुतले. पुडा टेबलावरच होता. पूनमला फोन करावा, असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. ती काय बोलणार आणि त्यावर आपण काय बोलणार? दोघांनाही अवघडल्यासारखं होणार. चार दिवस पुडा तिथंच राहिला. ते त्याच्या बाजूला ताट ठेवून जेवत होते.

पाचव्या दिवशी त्यांनी तो प्रतिक्षाच्या टेबलावर नेऊन ठेवला.

तिनं वरचं नाव वाचलं. गाठ पाहिली. तीही विणकराचीच मुलगी. तिला सांगावं लागलं नाही.

"चाळीस म्हणाली होती सून," शिवलिंगप्पा म्हणाले. "कमी सांगितली असती तरी चाललं असतं."

प्रतिक्षा बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिली. "त्यांना काही म्हणालात?"

"नाही. मला बरं वाटावं म्हणून बोलली ती. वाटलं की दोन महिने."

"काका, मग अर्ज..."

"करता येतो ना आता? कोणीच पाहिलेली नाही."

"करता येतो." या वेळी तिचा चेहरा उजळला नाही. "फोटो काढावे लागतील. उघडू?" तिनं खणातून कात्री काढली.

"कात्री नको." शिवलिंगप्पांनी पुडा पुढ्यात ओढला आणि नखानं गाठ सोडवली. वेळ लागला. मेंढीबरोबर त्यांनी एक चिठ्ठीही घातली होती. ती घडी न उलगडताच खिशात टाकली आणि मेंढी तिच्यापुढे ठेवली.

फोटो काढायचं विसरून प्रतिक्षानं दोरी ओढली. मेंढी उभी राहिली. तिनं दोरी हळूच सोडली, पुन्हा ओढली, पुन्हा सोडली आणि टेबलाच्या पातळीला डोळे आणून पाहत राहिली.

"अय्या, ही आधी गुडघे टेकती की हो काका!"

तिनं आणखी एकदा दोरी सोडली.

"खरी मेंढीसुद्धा अशीच बसते का?"

"अशीच," ते म्हणाले, आणि अर्जाचा कागद जवळ ओढून सही कुठं करायची ते विचारलं.