पाच इंचांचा उंबरठा

पुढील हकीकत मी रविवार, दिनांक १७ मे १९६४ रोजी सकाळी नऊच्या सुमारास पनवेल येथे श्री. दाजी सुतार यांच्या तोंडून ऐकली. ज्या लाकडाची ही हकीकत आहे त्या लाकडावरच आम्ही दोघे बसलो होतो. दाजींचे वय तेव्हा सत्तरीच्या आसपास होते. स्वतःच्या हातून घडलेल्या वस्तूविषयी बोलताना ‘ते’ न म्हणता ‘मी’ म्हणण्याची त्यांना सवय आहे. म्हणून मीही सर्व काही उंबरठ्याच्याच तोंडी ठेवले आहे. वाक्यरचना माझी आहे. माणसांचे बोलणे मात्र दाजींनी सांगितले तसे उतरवले आहे.

मी उंबरठा. ऐनाच्या लाकडाचा, लांबी चार फूट, रुंदी सहा इंच, जमिनीपासूनची उंची पाच इंच. मापे आधी सांगतो, कारण पुढे जे घडले ते यातल्या शेवटच्या मापामुळे घडले.

१९४६ साली बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर तुळशीरामशेट म्हात्रे यांनी पोह्यांची गिरणी बांधली. पुढच्या बाजूस भात भिजवण्याचे हौद, मध्ये भट्टी, आणि मागे पाखडणीची लांबट खोली. त्या खोलीच्या दाराशी मला बसवायचे होते.

“शेट, उंबरठा किती उंच ठेवू?” दाजींनी विचारले.

“ठेव चांगला दणकट. गिरणी कुनाची हाय ते दारातच कळू दे.”

दाजींनी चार इंच धरले होते, ते पाच केले. त्या पाचव्या इंचाला दुसरे काहीही कारण नव्हते.

नारळ फुटला, मी बसलो. दुसऱ्या दिवसापासून शेटांच्या पत्नी भामाबाई रोज सकाळी माझ्यापाशी येऊ लागल्या. आधी गार पाणी, मग हळदीचे बोट, कुंकवाचे बोट, आणि शेवटी पिठाची बारीक रेघ. मला माणसे दिसण्यापेक्षा स्पर्शाने अधिक कळतात. भामाबाईंच्या बोटात घाई कधीच नसे.

मग बायका येत. खाडीकाठच्या गावांतून चालत आलेल्या बावीस जणी, प्रत्येकीच्या काखेत स्वतःचे सूप. माझ्यावर पाय कोणीही ठेवत नसे. मला ओलांडायचे, ही रीत. चुकून अंगठा लागलाच, तर त्या वाकत, मला बोटे लावत आणि ती कपाळाला नेत. हे त्यांना कोणी सांगावे लागत नसे. शिंक आल्यावर हात तोंडाशी जातो, तसा तो हात माझ्याकडे येई.

गोदूबाईची जागा दाराच्या सर्वांत जवळ होती. तिचे गाव लांब, त्यामुळे सुटीची वेळ झाली की पहिली तीच बाहेर पडे.

“आगो गोदू, घरी नवरा पानी तापवून वाट बगतोय काय?” मागून शकू चिडवी.

“त्याला चूल पेटवता आली आसती, तर मी सूप कशाला धरलं आसतं?” गोदू चालता चालता उत्तर देई, आणि सगळी रांग हसत माझ्यावरून जाई. त्या हसण्याचे मला भूषण वाटे. आपण या बायकांचा रस्ता अडवून बसलो आहोत, हे सहा वर्षांत माझ्या मनात एकदाही आले नाही.

ते प्रथम बोलून दाखवले एका परक्या माणसाने. १९५२ च्या नोव्हेंबरात कारखान्यांची तपासणी करणारे एक तरुण इन्स्पेक्टर आले. त्यांच्या हाती नियमांचे पुस्तक होते आणि खिशात कापडी टेप. नियमांचे वाचन शेटांच्या वतीने गिरणीचे कागद सांभाळणाऱ्या दिवाणजींनी हाती घेतले. दिवाणजी नियमाच्या अक्षराला धरून चालणारे होते.

“खोलीला बाहेर पडायच्या वाटा किती?” इन्स्पेक्टरांनी विचारले.

“दोन. एक हे दार, एक भट्टीच्या खोलीतून.”

“आग बहुधा भट्टीपाशीच लागेल. मग ती वाट कशी धरायची?”

दिवाणजींनी चष्मा पुसला. “बरं, एक धरा.”

दार आत उघडत होते; ते बाहेर उघडले पाहिजे, असे नियमात स्पष्ट होते. बायका आत असताना कुलूप नको, हेही स्पष्ट होते. या दोन्ही गोष्टी शेटांनी मान्य केल्या, आणि त्याच आठवड्यात दाजींनी बिजागऱ्या फिरवल्या. नंतर इन्स्पेक्टर माझ्यापाशी उकिडवे बसले आणि त्यांनी टेप लावली.

“पाच इंच. हा काढावा लागेल.”

“साहेब, या पुस्तकात उंबरठा हा शब्द कुठे आहे, तेवढा दाखवा,” दिवाणजी शांतपणे म्हणाले.

“शब्द नाही. ‘मोकळी वाट’ असे आहे.”

“वाट मोकळीच आहे की! वर-खाली, डावी-उजवीकडे कुठे काही आहे का? आणि उंबरठा म्हणजे अडथळा, असं मानलं तर देवळांनासुद्धा नोटीस काढावी लागेल.”

“शेट, तुम्ही डोळे मिटून या दारातून चालून दाखवा,” इन्स्पेक्टर म्हणाले.

तुळशीरामशेटांनी डोळे घट्ट मिटले, धोतर सावरले, आणि बरोबर माझ्यापाशी पाय उचलून ते अलगद पलीकडे गेले. आतून बावीस जणींचे हसणे आले.

“शेट आंधळे झाले तरी गिरनी चालंल!” शकू म्हणाली.

इन्स्पेक्टरही हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, “आता मागे बावीस जणी, डोळ्यांत धूर, आणि सगळ्या धावत.” पण पुस्तकात शब्द नव्हता. त्यांनी बराच विचार केला आणि शेऱ्यात माझा उल्लेख केला नाही. मी राहिलो. त्या दिवशी मला आनंद झाला होता, हे मी लपवत नाही.

मंगळवार, २१ एप्रिल १९५३. दुपारचे तीन वाजले असावेत. भट्टीवर काळूराम होता. भट्टीची ठिणगी तुसाच्या ढिगात गेली. तूस लगेच भडकत नाही. आधी आतल्या आत धुमसते आणि दाट, पिवळट धूर सोडते. तो धूर पाखडणीच्या खोलीत शिरला तेव्हा भट्टीकडची वाट बंद झालेली होती.

“पला! पला बाहेर!” कोणीतरी ओरडले.

सर्व जणी माझ्याकडे धावल्या. दार उघडे होते. सर्वांत पुढे गोदूबाई होती. रोजच्यासारखा तिने पाय उचलला, पण धावताना तो थोडा कमी उचलला गेला, आणि तिच्या अंगठ्याचा मला स्पर्श झाला.

ती वाकली.

धुरात, आरडाओरड्यात, मागे एकवीस जणी असताना ती वाकली आणि तिने मला बोटे लावली. ती कपाळाला नेण्याआधीच शकू तिच्यावर आदळली. शकूवर सोनाबाई, सोनाबाईवर गंगाबाई, आणि त्यानंतर मला मोजता आले नाही. गोदूचा उजवा हात माझ्यावरच राहिला होता आणि त्यावर सगळ्यांचा भार आला. मनगट मोडल्याचा आवाज मी आतपर्यंत ऐकला. मला त्या क्षणी जमिनीत जाता आले असते, तर मी गेलो असतो.

काळूराम बाहेरून वळसा घालून आला. त्याने एकेकीला दंडाला धरून ओढून काढले. हौदांचे पाणी होते, शेजारचे लोक धावून आले, आणि आग तासाभरात विझली. कोणी दगावले नाही. तीन जणींना धुरामुळे दोन दिवस धड बोलता येत नव्हते. गोदूचे मनगट मात्र गेले, आणि पाखडणारीचे मनगट गेले म्हणजे तिचे सूप धरणेच गेले.

“आगो, आग लागलीय नि तू पाया कशाला पडलीस?” काळूरामने तिला तिथेच विचारले.

“मना काय ठाव?” ती कळवळत म्हणाली. “पाय लागला, नि हात गेला.”

चार दिवसांनी तेच इन्स्पेक्टर पुन्हा आले. या वेळी त्यांनी टेप काढली नाही. “शब्द नव्हता म्हणून मागच्या वेळी मी थांबलो,” ते शेटांना म्हणाले. “थांबायला नको होते. अर्थ तर समोर दिसत होता.” त्यांनी लेखी हुकूम दिला: पंधरा दिवसांत उंबरठा काढून दारातली जमीन सपाट करावी, अन्यथा पाखडणीची खोली बंद. खोली बंद म्हणजे बावीस घरांची चूल बंद.

शेट तयार होते. भामाबाई तयार नव्हत्या.

“उंबरठा कवा काढतात ठाव हाय? घर बसल्याव,” त्या म्हणाल्या. “चालत्या गिरनीचा उंबरठा मी काढू देनार नाय. लक्ष्मी येईल तर थांबंल कुठं?”

दिवाणजींनी मधला मार्ग शोधला. माझ्या दोन्ही अंगांना तिरप्या फळ्या लावून उतार करायचा. उंबरठाही राहील आणि वाटही मोकळी होईल. दाजी म्हणाले, “यावर कोंडा पडला की घसरगुंडी होईल.” काही होत नाही, हे दाखवायला दिवाणजी स्वतः कोंडा पसरून चढले, आणि पुढच्याच क्षणी खाली बसलेले दिसले. फळ्या त्याच दिवशी चुलीत गेल्या.

मग भामाबाईंनी स्वतःचा उपाय काढला. सलग तीन सकाळी त्या दारात उभ्या राहिल्या. “बायांनो, पाय लागला तरी वाकायचं नाय. तुमच्या वाटनीचा नमस्कार मी करते रोज. देव मोजत नाय बसलेला.” सगळ्यांनी मान डोलावली. एकदोन दिवस कोणी वाकलेही नाही. हुकमाचे नऊ दिवस गेले होते, आणि भामाबाईंना वाटू लागले होते की आपण मला वाचवले.

दहाव्या दिवशी गोदूबाई आली. हात गळ्यात बांधलेला. बसून करण्याजोगे काही काम मिळेल का, हे विचारायला ती आली होती. भामाबाईंनी तिलाही ताकीद सांगितली.

“व्हय वयनी, आयकलंय. शकूनं सांगितलंय,” ती म्हणाली आणि फार जपून, खाली बघत आत येऊ लागली. एक पाय नीट ओलांडला. दुसऱ्या पायाची करंगळी मला निसटती लागली.

ती वाकली. उजवा हात झोळीत होता, म्हणून डावा आला. मागून येणारी शकू तिच्या पाठीला धडकता धडकता थांबली. मग गोदूच्या ध्यानात आले. ती तशीच वाकलेल्या अवस्थेत वर बघून म्हणाली, “वयनी, बगा ना. परत झालं.” आणि लहान मुलीसारखी रडू लागली.

भामाबाई स्वतःच्या हाताकडे बघत होत्या. गोदूने मला बोटे लावलेली पाहताच त्यांचाही हात कपाळाकडे निघाला होता आणि अर्ध्यावर थांबला होता.

“दाजी,” त्या म्हणाल्या, “करवत आना.”

माझी शेवटची पूजा त्यांनी त्याच दुपारी केली. हळदीचे बोट नेहमीपेक्षा अधिक वेळ माझ्यावर टेकलेले होते. “रागावू नको,” त्या हळूच म्हणाल्या. “तू आडवा येतोस म्हणून काढत नाय. ह्या तुला फार मानतात, म्हणून काढते.” मला बोलता आले असते, तर मी त्यांना इतकेच सांगितले असते की मी रागावलेलो नाही. गोदूच्या मनगटापासून मी त्या करवतीचीच वाट बघत होतो.

दाराखाली आता सपाट दगड आहे. रांगोळी भिंतीच्या कडेला गेली. मला दाजींनी दोन दगडांवर ठेवून अंगणातल्या करंजाखाली बाक केले. गोदूबाईला भामाबाईंनी पोह्यांतले खडे निवडण्याचे काम दिले. ते एका हाताने होते. पण ती माझ्यावर बसेना. उंबरठ्यावर बसायचे नसते, हेही तिच्या अंगातच होते. आठ दिवस ती भुईवर बसली. अखेर दाजींनी मला उलटे केले.

“ही बाजू जमिनीत होती,” ते म्हणाले. “हिला कोणी हळद लावलेली नाही. बस आता.”

गोदूने मला खालून-वरून तपासले, पदराने झटकले, आणि ती बसली. माझ्या आयुष्यात मी उचललेले ते पहिलेच माणूस.

१९६१ च्या मार्चात गिरणीत पुन्हा धूर झाला. तेव्हा खोलीत सव्वीस जणी होत्या. मी समोरच होतो. गोदू ताट टाकून उठली आणि दाराकडे बघत उभी राहिली. त्या सगळ्या बाहेर आल्या, एकही न पडता. आणि जिथे मी नव्हतो, तिथे प्रत्येकीने मी असल्यासारखा पाय उचलला.

वाचकहो, घराच्या दारात मला अवश्य ठेवा. तिथे थांबून आत यावे, हेच बरे. पण जिथे पुष्कळ माणसे एका दाराने बाहेर पडतात, तिथे मला ठेवू नका. तिथे माझा मान राखायचा असेल, तर माझे बाकडे करा.

उंबरठ्याची हकीकत येथे संपते. पहिल्या आगीची तारीख, उंबरठ्याचे माप आणि लेखी हुकूम मी गिरणीच्या कागदांत पाहिले. दुसऱ्या आगीच्या नोंदीत ‘जखमी : निरंक’ एवढेच आहे. गोदूबाई १९६२ साली वारल्या. दुसऱ्या आगीच्या दिवशी बाहेर पडलेल्या स्त्रियांपैकी सात जणींना मी भेटलो. रिकाम्या जागी त्यांनी पाय उचलला होता, असे दाजी म्हणतात. या एका गोष्टीला मला दुजोरा कधीच मिळाला नाही. सहा जणींना आठवत नव्हते. सातवी शकूबाई. तिने माझा प्रश्न दोनदा ऐकून घेतला आणि म्हणाली, “आगीतून पलताना पायाकडं कोन बगतो, भाऊ? दार मोकलं हाय, येवढंच दिसत व्हतं.”