तीन लाख दोनशे चौदा

ऑफिसात सगळे त्यांना काकू म्हणायचे. खऱ्या नात्याने त्या ज्याच्या काकू होत्या तो पुतण्या तेवढा त्यांना ‘मॅडम’ म्हणायचा. “ऑफिसात ऑफिससारखं असावं,” असं त्याने आल्या दिवशीच जाहीर केलं, आणि जन्मभराचं ‘अगं काकू’ एका सकाळीत ‘मॅडम, तुम्ही’ होऊन बसलं. ज्याचं नाक पुसलं त्याच्याकडून ‘तुम्ही’ ऐकताना काकूंना दर वेळी कुणी तरी दार तोंडावर लावून घेतल्यासारखं वाटायचं.

घरचे आठ दवाखाने होते. थोरले दीर आणि काकूंचे यजमान, दोघा भावांनी मिळून ते उभे केले. डॉक्टर पगारी, कारभार घरचा. पेशंटच्या नोंदी बावीस वर्षं काकूंनी सांभाळल्या. तीन वर्षांपूर्वी थोरले दीर गेले, मग यजमानांनीही कामातून अंग काढून घेतलं, आणि चार महिन्यांपूर्वी पुतण्या मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून मालकाच्या खुर्चीत येऊन बसला. त्याने काकूंचं टेबल खिडकीपासून उचललं आणि प्रिंटरच्या पलीकडे, मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी नेऊन ठेवलं. नोंदी बदलायचा अधिकारही काढून घेतला. आता त्यांनी फक्त बघायचं.

एवढं झाल्यावर त्याची आई, म्हणजे काकूंच्या थोरल्या जाऊबाई, फोनवर म्हणाल्या, “बरं झालं की! पोरगा आलाय आता. टायपिंगच तर करत होतीस, किती दिवस करणार? घरी बस निवांत.”

टायपिंग! काकूंनी त्या दिवशी फोन ठेवला तो ठेवलाच. चार महिने दोघी जावा एकमेकींशी चकार शब्द बोलल्या नव्हत्या.

आता त्या टायपिंगची गोष्ट. पेशंटला कुठलं औषध चालत नाही, याचं कॉम्प्युटरवर एक टेबल होतं, म्हणजे ओळी-रकान्यांचा तक्ता. प्रत्येक पेशंटची त्यात एक ओळ. कुणाला काही वावडं असेल तर औषधाचं नाव, नसेल तर ‘काही नाही’. पेशंटचा नंबर टाकला की त्याचं नाव-पत्ता शाखेच्या स्वतःच्या यादीतून यायचं आणि वावडं असेल तर डॉक्टरच्या पडद्यावर वर एक लाल ओळ उमटायची. पूर्वीचं मशीन दुबळं, सगळ्या ओळी एका ठिकाणी ठेवल्या की धापा टाकायचं. म्हणून काकूंनीच त्या टेबलाचे आठ तुकडे केले होते, शाखेला एक. पहिल्या शाखेचे नंबर एक लाखापासून, दुसरीचे दोन लाखांपासून, असे. नंबर बघितला की शाखा कळावी.

फक्त आठवी शाखा घाईत उघडली. काकूंनी तिसरीचं टेबल जसंच्या तसं उचललं, रिकामं केलं आणि आठवीला दिलं. सुरुवातीचा आकडा बदलायचा राहिला. आठवीचे नंबरही तीन लाखांपासून सुरू झाले. लक्षात आलं तोवर नऊशे कार्डं छापून लोकांच्या खिशात गेली होती. काकू घाबऱ्याघुबऱ्या दिरांकडे गेल्या, तर ते हसले. “शाखेचा रकाना आहे ना शेजारी? मग नंबर सारखा असला म्हणून काय बिघडलं?” काही बिघडलं नाही. नंबर आणि शाखा मिळून ओळ एकमेव राहिली. ही गोष्ट कुठे लिहून ठेवलेली नव्हती. दिरांना ठाऊक होती आणि काकूंना. आता एकट्या काकूंना.

पुतण्याने आल्या आल्या ठरवलं, की आठ तुकडे नकोत. मशीन आता दणकट आहे, सगळं एकाच टेबलात आणायचं, आणि आठ शाखांत काहीही बदललं की ते आपोआप त्या एका टेबलात येऊन पडेल असं करायचं. कल्पना चांगलीच होती, काकूंनाही मनातून पटली होती. शुक्रवारी दुपारी दोन सहकाऱ्यांना घेऊन तो कामाला बसला. नियम त्याने सोपा ठेवला: नवा नंबर आला तर नवी ओळ, तोच नंबर पुन्हा आला तर नंतरची ओळ आधीच्या ओळीवर.

मग त्याने प्रिंटरच्या पलीकडे मान वळवली. “मॅडम, हा शाखेचा रकाना कशाला ठेवलाय? नंबरावरूनच शाखा कळते की.”

काकूंनी सांगायला तोंड उघडलं होतं, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. पण उत्तराची वाट कोण बघतो! तो सहकाऱ्यांकडे वळून म्हणाला, “जुन्या लोकांना रकाने फार आवडतात,” आणि तिघेही हसले.

काकूंनी तोंड मिटलं.

“तुम्ही म्हणता तर काढा,” त्या म्हणाल्या.

रकाना गेला. आठ टेबलं एकात ओतली गेली, एकेक शाखा ओळीने, आठवी सगळ्यात शेवटी. सव्वापाचला पुतण्याने बेरीज ताडून पाहिली आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. आठ टेबलांत मिळून एक लाख सव्वीस हजार आठशे नव्वद ओळी होत्या. नव्या टेबलात एक लाख पंधरा हजार चारशे अठ्ठ्याहत्तर.

“अकरा हजार चारशे बारा कमी भरतात,” तो म्हणाला. “डबल पेशंट असणार हे. एकच माणूस दोन शाखांत. असंच ना मॅडम?”

अकरा हजार चारशे बारा. आठव्या शाखेचे पेशंट नेमके इतकेच होते. कालच काकूंनी तो आकडा महिन्याच्या कागदावर लिहिला होता. आठवीची प्रत्येक ओळ तिसरीच्या एकेका ओळीच्या उरावर जाऊन बसली होती. तिसरीचे सगळ्यात जुने अकरा हजार चारशे बारा पेशंट पुसले गेले होते, आणि पुसणारा काकूंकडे बघून उत्तर मागत होता.

“असतील,” काकू शांतपणे म्हणाल्या. “लोक दोन-दोन ठिकाणी कार्डं काढतात.”

बरं वाटलं त्यांना. चार महिन्यांत पहिल्यांदा इतकं बरं वाटलं.

सहा वाजता जुनी टेबलं पुसली जाणार होती. त्यांचा राखीव गठ्ठा सांभाळायला बाहेरच्या कंपनीकडे जायचा. परत मागवायचा म्हणजे दोन दिवस. बघण्याचा अधिकार असला की उतरवून घेता येतं. पाच चाळीसला काकूंनी तिसरीचं टेबल गुपचूप स्वतःच्या मशीनवर उतरवून घेतलं, पर्स उचलली आणि वेळेवर घरी गेल्या.

रविवारी त्या स्वयंपाकघरात गुणगुणत होत्या. यजमानांनी पेपरातून डोकं वर काढलं. “आज स्वारी भलतीच खुशीत?”

“काही नाही,” काकू म्हणाल्या.

बेत साधा होता. शनिवार-रविवार दवाखाने बंद; सोमवारी सकाळी नवं टेबल सुरू होणार. दुपारपर्यंत तिसरीतून बोंब येणार, की लाल ओळी दिसत नाहीत. पुतण्याची भंबेरी उडणार. मग काकू प्रिंटरच्या पलीकडून उठणार आणि सगळ्यांदेखत ती प्रत त्याच्यासमोर ठेवणार. घे, टायपिंग! मधल्या चार तासांत कुणाला काही होईल का, हा विचार त्यांच्या मनात आला नाही असं नाही. आला. डॉक्टर तोंडी विचारतातच, असं सांगून त्यांनी त्याला वाटेला लावलं.

सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी पुतण्या मोबाइल खिशात टाकत सहकाऱ्याला म्हणाला, “मीटिंग अर्धा तास पुढे ढकल. आईच्या अंगठ्याला पू झालाय, तिसरीत गेलीय ती. डॉक्टर इंजेक्शन देतो म्हणालाय.”



तीन लाख दोनशे चौदा. जाऊबाईंचा हा नंबर बघायला काकूंना कार्ड लागत नव्हतं. वीस वर्षांपूर्वी पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनने जाऊबाईंचा चेहरा भोपळ्याएवढा सुजला होता, श्वास अडकला होता, आणि दोन दिवस त्यांच्या उशाशी बसल्या होत्या त्या काकू. ऑफिसात परतल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते ही ओळ भरण्याचं. आता त्यांनी नवं टेबल उघडलं, नंबर टाकला. शेजारी लिहिलं होतं: काही नाही.

त्यांनी तिसरीत फोन लावला. गुंतलेला. पुन्हा लावला. गुंतलेला. मग चार महिन्यांत लावला नव्हता तो नंबर लावला. दोन वेळा वाजला आणि कापला गेला. पुन्हा लावला. या वेळी एकदाच वाजला आणि कापला गेला. जाऊबाईंचा अंगठा दुखत होता, राग मात्र ठणठणीत होता.

काकू खुर्च्यांना अडखळत पुतण्याच्या टेबलापाशी गेल्या. “आईला फोन लाव. माझा कापतेय ती. इंजेक्शन घेऊ नको म्हणावं. तिला पेनिसिलिन चालत नाही.”

“तसं काही असतं तर लाल ओळ—”

“ओळ गेलीय! लाव फोन!”

त्याने लावला आणि स्पीकरवर टाकला. “आई, इंजेक्शन घेतलंस?”

“घेतेय की. बाई सुई भरून उभी आहे. काय रे?”

“थांब! घेऊ नको. तुला ते पेनिसिलिन चालत नाही ना?”

“अरे, मला नावं कुठली लक्षात राहायला? डॉक्टरांनी विचारलं, काही वावडं आहे का. म्हटलं, होतं बाबा कशाचं तरी, पण ते माझ्या जावेनं लिहून ठेवलंय, तुमच्या मशीनमध्ये बघा. ते म्हणाले, इथे काही नाही लिहिलेलं. म्हटलं, मग नसेल. भांडण आपल्या जागी, पण तिचं लिहिलेलं चुकायचं नाही.”

पुतण्याने डॉक्टरांना फोन द्यायला सांगितलं. सुई बाजूला ठेवली गेली. दुसरं औषध ठरलं. फोन बंद झाला.

“काकू,” तो म्हणाला. चार महिन्यांनी म्हणाला. “तू नसतीस तर गं... पण ओळ गेली कशी?”

त्यांनी सांगितलं. आठवी शाखा, घाई, तीन लाख, रकाना. तो ऐकत गेला तसा त्याचा चेहरा उतरत गेला. “म्हणजे तिसरीचे अकरा हजार जण... आणि जुना गठ्ठा यायला दोन दिवस.”

“माझ्याकडे प्रत आहे,” काकू म्हणाल्या.

दुसरं काय म्हणणार होत्या? तिसरीत त्या क्षणी रांग उभी होती. त्यांनी प्रत पाठवली. हाच तो क्षण, रविवारभर मनात घोळवलेला. पण आता त्यात चव उरली नव्हती.

पुतण्याने फाइल उघडायला घेतली आणि मध्येच थबकला. प्रत कधी काढली, ते नावाशेजारी लिहिलेलं असतं. ते त्याने वाचलं. सहकारी बघत होते. प्रिंटर कुणाचं तरी काहीतरी छापत होता.

“शुक्रवार, पाच चाळीस,” तो हळूच म्हणाला. “मी तुम्हाला सव्वापाचला विचारलं होतं.”

त्याने मान वर केली.

“तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

तो ओरडला असता तर सोपं गेलं असतं. त्यांच्याकडेही चार महिन्यांचं ओरडायला साठलेलं होतं. पण त्याने नुसती मान हलवली, रकाना परत घातला आणि तिसरीच्या टेबलातली एकेक ओळ तिच्या जागी बसवायला घेतली. स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, “सकाळपासून तिसरीत कोण कोण येऊन गेलं त्यांना फोन करायला हवेत. तुम्ही करा. आणि आईला मी काही सांगणार नाही. ते तुम्ही सांगायचं.”

तिसरीतून यादी आली. सदतीस नावं, नंबरांच्या क्रमाने. काकू प्रिंटरच्या पलीकडे जाऊन बसल्या. पहिली पाच माणसं ठीक होती. सहावं नाव जाऊबाईंचं होतं, आणि त्यावर बोट ठेवलं असतानाच त्यांचा मोबाइल वाजला.

“काय गं,” जाऊबाईंचा आवाज ओला होता. “दोन फोन कापले मी तुझे. आत्ता डॉक्टरांनी सांगितलं, ती सुई टोचली असती तर काय झालं असतं ते. अगं, तू दुसऱ्यांदा जीव वाचवलास माझा. आणि मी तुला टायपिंग म्हटलं. चुकलं गं माझं. ऐकतेयस ना?”

काकूंना वाटलं, नुसतं ‘हो’ म्हणावं. एक ‘हो’ म्हटलं की चार महिने पुसले जात होते. सत्य कुणाला हवं होतं? फोनच्या त्या टोकाला तर मुळीच नको होतं.

“जाऊबाई,” त्या म्हणाल्या, “तुमची ओळ पुसली गेलीय हे मला शुक्रवारीच कळलं होतं. तुमची म्हणून नाही, तिसरीतल्या सगळ्यांची. त्याने विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं. त्याची फजिती बघायची होती मला.”

पलीकडे दवाखान्यातला गलका ऐकू येत होता. कुणीतरी कुणाचा तरी नंबर पुकारत होतं.

मग फोन कापला गेला.

काकूंनी मोबाइल खाली ठेवला. या वेळी परत लावायला त्यांचा हात पुढे झाला नाही. त्यांनी यादीतल्या सहाव्या नावापुढे पेनाने बरोबरची खूण केली. पुढचा नंबर तीन लाख तीनशे नऊ होता. त्यांनी ऑफिसचा फोन ओढला आणि तो लावला.