त्वेट, १९८७

तोरुन हेगलान्दकडे आलेलं काम तसं कंटाळवाणं होतं. खाडीकाठच्या डोंगरकड्यांची पाहणी करणाऱ्या एका लहानशा कंपनीत ती नऊ वर्षं होती. चाळीस वर्षांचे जुने अहवाल एकत्र करून नगरपालिकेला एकच जाडजूड अहवाल द्यायचा होता, आणि सगळे संदर्भ एकाच पद्धतीने हवेत अशी त्यांची अट होती. जुन्या लोकांनी हवं तसं लिहिलेलं. कुणी कंसात नाव आणि साल, कुणी तळटीप, तर कुणी नुसतंच ‘मागचा अहवाल पाहा’.

“दोन तासांचं काम आहे,” तिचा साहेब अर्नफिन म्हणाला होता. “एडिटरमध्ये सेटिंग बदल की झालं. शुक्रवारी पाठवायचंय.”

दोन तासांचे दोन दिवस झाले. प्रत्येक अहवालाला तिने एक खूण दिली. मजकुरात ती खूण टाकली की एडिटर यादीतून नाव शोधून क्रमांक लावी, आणि यादीत काही सापडलंच नाही तर तिथे ठळक प्रश्नचिन्ह छापी. पहिल्या खेपेला त्रेचाळीस प्रश्नचिन्हं निघाली. कुठे स्पेलिंग चुकलेलं, कुठे साल. तांदळातले खडे वेचावेत तशी ती एकेक काढत गेली. बुधवारी दुपारी एकच उरलं.

पान एकसष्ट. ‘स्काल्विक गावावरच्या कड्यातली भेग वर्षाला जास्तीत जास्त सहा मिलिमीटर रुंदावते.’ खूण होती त्वेट, १९८७.

तिने मागे मागे जाऊन पाहिलं. २०१५च्या अहवालाने हा आकडा २००४च्या अहवालातून उचलला होता, त्याने १९९३च्या. आणि १९९३चा अहवाल बोट दाखवत होता त्वेटकडे. कपाटात १९८६ची फाइल होती, १९८८ची होती. मधली नव्हतीच. आणि याच सहा मिलिमीटरच्या भरवशावर स्काल्विकमध्ये शाळा बांधली होती, नवा धक्का बांधला होता.

“एक संदर्भ सापडत नाहीये,” तिने अर्नफिनला सांगितलं.

“अगं, तीस वर्षं सगळे तोच आकडा लिहितायत.”

“एकमेकांचं बघून लिहितायत.”

तो तिच्या खांद्यावरून पडद्याकडे वाकला. “सेटिंगमध्ये न सापडलेले संदर्भ गाळायची एक ओळ असते ना? ती चालू कर. प्रश्नचिन्ह जाईल.”

“प्रश्नचिन्ह जाईल. भेग?”

तो हसला नाही. “तिथे एकशे चाळीस माणसं राहतात, तोरुन. उगाच त्यांची झोप उडवू नकोस.”

तो गेल्यावर तिने ती ओळ चालू केली. पान एकसष्ट स्वच्छ झालं, जणू कुणी काही विचारलंच नव्हतं.  तिने ओळ पुन्हा बंद केली आणि फोनच्या यादीत त्वेट हे नाव शोधलं. सिग्वे त्वेट सापडला. पत्ता स्काल्विकचाच होता, कड्याच्या थेट खाली.

गुरुवारी सकाळच्या बोटीने ती गेली. सिग्वे त्र्याऐंशी वर्षांचा, पण ताठ. त्याने कॉफी ओतली, वॉफलवर तपकिरी चीज ठेवलं आणि तिचा प्रश्न ऐकून चाकू हातातच धरून बसला.

“सत्त्याऐंशीला मी अहवाल लिहिलाच नाही,” तो म्हणाला.

“मग तो आकडा?”

“त्या वर्षी जूनमध्येसुद्धा भेग बर्फाने भरलेली. मोजण्यासाठी दोन्ही काठांवर ठोकलेले खिळे पार गाडले गेलेले. ऑफिसातून फोनवर फोन, आकडा दे, आकडा दे. मी म्हटलं, आदल्या साली पाच होता, आता सहा धरा, पुढच्या उन्हाळ्यात नीट मोजतो.”

“आणि पुढच्या उन्हाळ्यात?”

“मला बोगद्याच्या कामावर धाडलं.”

“पण मग तुम्ही इथेच घर कसं बांधलंत?”

“बायको इथली.” तो खिडकीबाहेर बघत राहिला. “आणि पुढे छापून आलं ना, सहा म्हणून. मला वाटलं, नंतर कुणीतरी मोजलं असेल.”

त्याने फडताळातून जुनी वही काढली. १९८६, दोन खिळ्यांमधलं अंतर एक मीटर बारा सेंटीमीटर.

तोरुनने अर्नफिनला फोन लावला आणि सगळं सांगितलं.  तो म्हणाला, “एकटी चढू नकोस. मी येतो.”

दुपारच्या बोटीने तो आला आणि दोघं तीन तास चढली. खिळे गंजले होते, पण जागच्या जागी होते. अडतीस वर्षं सहा-सहा मिलिमीटर धरले, तर टेप एक मीटर पस्तीसच्या आसपास थांबायला हवी होती. अर्नफिनने पलीकडचं टोक धरलं. टेप दोन मीटर चारला थांबली.

“पुन्हा मोज,” तो म्हणाला.

पुन्हा दोन मीटर चार. भेगेच्या काठावरचं शेवाळ मधोमध फाटलं होतं आणि फाटलेल्या कडा अजून ओल्या होत्या. खालून थंड वारा येत होता. एक खडा आत पडला, तो कितीतरी वेळ वाजत राहिला.

“हे अडतीस वर्षांचं नाही,” तोरुन म्हणाली. “यातलं बरंचसं आत्ताचं आहे.”

अर्नफिनने टेप गुंडाळली.  “मी तुला काय करायला सांगत होतो,” एवढंच तो बोलला.

शुक्रवारी अहवाल गेलाच नाही. गेला तो पालिकेला फोन. रविवारपर्यंत स्काल्विक रिकामं झालं. सिग्वे सगळ्यांत शेवटी बोटीत चढला, वही कोटाच्या आत घालून. कड्यावर यंत्रं बसली. भेग पहिल्या आठवड्यात दिवसाला आठ मिलिमीटर उघडत होती, मग पाच, आणि सप्टेंबरात दोन. डोंगर उभाच. पलीकडच्या काठावर, कडा खाडीत कोसळला तर उसळणारी लाट पोचणार नाही अशा उंचीवर, भाड्याच्या खोल्यांत राहून लोक वैतागले. पालिकेने परत जायचा विचार करायला सोमवारी सभा ठेवली.

सभेची वाट न बघता गुनवोर नावाची मेंढपाळ बाई आदल्याच दिवशी स्वतःची होडी घेऊन मेंढ्या आणायला स्काल्विकला गेली. तोरुन या काठच्या धक्क्यावर तासभर उभी होती. दुपारी गुनवोर आठ मेंढ्या घेऊन परतली, उतरली, आणि तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“कुठे पडलाय तुझा डोंगर? चार महिने झाले, बाई!”

तोरुनने फोन तिच्यापुढे धरला. त्यावर आजचा आकडा होता, चौदा मिलिमीटर.

“काल किती होता?”

“दोन.”

 गुनवोरने मेंढ्या धक्क्यावरून वरच्या रस्त्याला वळवल्या आणि ती त्यांना पळवायला लागली.