माझ्यावर लिहिलं होतं, लस नाही

मित्रांनो, मला सगळे फळा म्हणतात खरे, पण शाळेचं तोंड मी कधी पाहिलेलं नाही. मी मूळचा औषधांच्या कपाटाचा दरवाजा. बिजागरी तुटली, कपाट भंगारात गेलं आणि दवाखान्याच्या शिपाईमामांनी मला काळा रंग फासून रस्त्याकडच्या भिंतीवर टांगलं. त्याला वीस वर्षं झाली. दवाखान्याची वेळ, डॉक्टर रजेवर, बाळांचे डोस बुधवारी, असं काहीबाही माझ्यावर लिहीत. नव्याचे नऊ दिवस लोकांनी मला वाचलं, पुढे कोणी ढुंकूनही बघेना.

एक खोड मात्र मला पहिल्यापासून आहे. नसत्या चौकशांची. माझं तोंड रस्त्याकडे आणि पाठ लसीच्या खोलीकडे. सुई टोचायच्या आधीच कोण ओरडलं, कोणाला नर्सताईंनी दटावलं, हे सगळं मला ऐकू येतं, पण दिसत काही नाही. लस म्हणजे नक्की असते तरी कशी, हे कोडं माझ्या पाठीमागेच होतं.

मग ती साथ आली आणि लोकांच्या तोंडी एकच शब्द झाला, लस. सकाळी सातपासून माणसं माझ्यासमोर उभी राहू लागली. शिपाईमामा खडू घेऊन यायचे, सगळ्यांचे डोळे त्यांच्या हाताकडे लागायचे, आणि मामा लिहायचे, "लस नाही." पहिला आठवडा लोकांनी निमूट वाचलं. दुसऱ्या आठवड्यात आवाज चढले.

"वरून आली की सांगू," नर्सताई म्हणायच्या.

"वरून म्हणजे कुठून? आभाळातून?" एक टॅक्सीवाला म्हणाला. "टीव्हीवर सांगतात भरपूर आहे, तुम्ही सांगता नाही. मग मधे अडलीय कुठे?"

मलाही तेच विचारायचं होतं. हे वर म्हणजे कुठे? तिथेही एखादा फळा असेल का? नर्सताई आत निघून जायच्या. मग लोकांचा राग माझ्यावर निघायचा. कोणी मला थापट मारायचं, कोणी शिव्या द्यायचं. वड्याचं तेल वांग्यावर! मला वाईट वाटायचं, पण त्यांचंही काय चुकत होतं?

एके दिवशी कोणा टवाळाने माझ्यावरचं "नाही" पुसून टाकलं. उरलं नुसतं "लस." बघता बघता शंभर माणसं आत घुसली. नर्सताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. शिपाईमामा इतके वैतागले, की त्यांनी घरून तेलरंगाचा डबा आणला आणि पांढऱ्याशुभ्र रंगात माझ्यावर लिहिलं, "लस नाही." "आता पुसा म्हणावं," ते म्हणाले. रोज खडू झिजवायचं कामही वाचलं. मित्रांनो, खरं सांगतो, त्या चकचकीत अक्षरांत मी जरा मिरवलोच.

रोज मला न चुकता वाचणारे एक आजोबा होते. जन्मभर कुलपं दुरुस्त केलेली, म्हणून सगळे त्यांना कुलूपवाले आजोबा म्हणत. आजींचं कमरेचं हाड मोडलं होतं आणि त्या पुढच्या स्टॉपवरच्या मोठ्या हॉस्पिटलात होत्या. तिथे लस घेतल्याचं कार्ड असेल त्यालाच वॉर्डात सोडत. "हजार कुलपं उघडली, पण त्या एका दारापुढे माझं काही चालत नाही," असं आजोबा हसून म्हणायचे. साडेदहाच्या बसने यायचे, उतरून मला वाचायचे, नर्सताईंच्या यादीत आपलं नाव आहे ना, हे विचारायचे आणि हॉस्पिटलकडे चालू लागायचे. तिथे रस्त्यावर उभं राहून तिसऱ्या मजल्याच्या खिडकीकडे हात हलवायचे. आजी वॉकर धरून खिडकीशी यायच्या आणि हात करायच्या.

तेलरंग लागल्यावर आजोबांनी उतरणं सोडलं. माझ्यावरचं बसमधूनही वाचता येऊ लागलं होतं. कंडक्टरच म्हणायचा, "बसा आजोबा, नाहीच आहे."

आणि एका मंगळवारी दहा वाजता, ना फोन ना निरोप, लसीचा डबा दारात आला. आत एकच बाटली, दहा माणसांपुरती. ती एकदा उघडली की चार तासांत संपवावी लागते. नर्सताईंनी यादीतल्या नऊ जणांना फोन केले. दहावे आजोबा, त्यांच्याकडे फोन नव्हता. "ते तर रोजच येतात, त्यांची मी ठेवते," असं ताई म्हणाल्या ते मला ऐकू आलं; आजोबा आता बसमधून उतरत नाहीत, हे आत बसून त्यांना कळलंच नव्हतं. नऊ जण धावत मागच्या दाराने आत आले. त्या धांदलीत माझी आठवण कोणालाच झाली नाही.

साडेदहाला बस आली. आजोबांनी खिडकीतून मला वाचलं आणि मान फिरवली.

मला ओरडता आलं असतं तर! थांबा आजोबा, मी खोटं बोलतोय! पण मी लाकूड. बस निघून गेली.

ताईंनी दोन वाजेपर्यंत वाट पाहिली. शेवटी वाया जायला नको म्हणून पार्सल घेऊन आलेल्या मुलीला ती दहावी सुई दिली. मग ताई रस्त्यावर आल्या आणि त्यांनी माझ्यावरचं "लस नाही" वाचलं.

त्याच संध्याकाळी मला उतरवून लसीच्या टेबलावर आडवं टाकलं आणि ताई स्वतः रॉकेलने रंग घासू लागल्या. माझ्या शेजारीच ती रिकामी बाटली होती. अंगठ्याएवढी! मला वाटलं होतं, चांगलं पिंपभर काहीतरी असेल. एवढ्याशा वस्तूसाठी सगळं गाव ताटकळलं होतं. वीस वर्षांचं कोडं सुटलं, पण आनंद काही झाला नाही.

दुसऱ्या दिवशी मी परत भिंतीवर होतो; साडेदहाला ताई बस अडवून आत चढल्या. "आजोबा, काल लस होती. तुमची ठेवली होती मी. फळा पुसायचा राहिला."

आजोबांनी खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मला वाटलं, दवाखान्याने लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार."

इतक्या शिव्या खाल्ल्या मी, पण या वाक्याइतकी एकही लागली नाही.

पुढची बाटली यायला सतरा दिवस गेले. त्यातल्या सहाव्या दिवसापासून आजी खिडकीशी येईनाशा झाल्या. आजोबा खाली उभे राहून यायचे आणि आम्हाला सांगायचे, "आजही नाही आली." अठराव्या दिवशी त्यांना सुई मिळाली. त्याच्या दुसऱ्या दिवशी ते माझ्याखालच्या बाकावर येऊन बसले. ताई बाहेर आल्या.

"भेटलात आजींना?"

"भेटलो. हातच सोडेना. म्हणाली, बाकीच्यांची माणसं वर आली, तुम्ही आपले खालीच. मला वाटलं, तुम्हाला यायचंच नाही. म्हणून खिडकीशी यायचं सोडलं मी."

ताईंचा चेहरा उतरला. "मग आमची चूक सांगितलीत ना?"

"छे. उद्या तिलाही तुमच्यासारखीच कोणी ताई सुई द्यायला येईल. तिने विश्वासाने हात पुढे करायला नको का? मी सांगितलं, मला सुईची भीती वाटत होती." आजोबा हसले. "तेव्हा कुठे हसली ती. म्हणाली, एवढे बाप्ये आणि सुईला घाबरता?"

मित्रांनो, आता माझ्यावर रोज खडूने लिहितात, वर तारीख घालतात आणि संध्याकाळी पुसतात. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही हातात कधी खडू येईल. जे लिहाल ते त्या दिवशी खरं आहे का, एवढं बघा. तुमच्या शब्दावर विसंबून कोणीतरी बसमधून न उतरता पुढे निघून जातं.