सहासष्ट अंश

कॉम्प्युटरवरच्या खेळांसाठी लागणारी ग्राफिक्स कार्डं तपासणं हा तिचा धंदा, आणि मासिकातले सगळे तिला थर्मामीटर म्हणत. पंधरा वर्षांत तिचा एकही आकडा कुणी खोटा पाडला नव्हता. त्यामुळे दादाचा फोन आला तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तू सहासष्ट अंश लिहिलंयस. माझ्याकडे सत्त्याऐंशी येतात, आणि दहा मिनिटांत खेळ अडखळायला लागतो. तुझ्या शब्दावर घेतलंय मी, दुकानदाराच्या नाही."

कार्ड मधल्या किमतीचं. गाड्या दुरुस्त करण्यात जन्म घालवलेल्या दादाने दोन वर्षं थांबून केलेली ही पहिलीच चैन. या पैशात इतकं थंड आणि इतकं शांत कार्ड दुसरं नाही, असं तिनेच छापलं होतं.

कंपनीने हातचलाखी केली, हे तिने जागच्या जागी ठरवून टाकलं. परीक्षकांना निवडक माल आणि गिऱ्हाइकांच्या गळ्यात भंगार! संपादकांना फोन करून तिने कंपनीची सालटी काढली. पुढच्या अंकात यांची लक्तरं वेशीवर टांगते, म्हणाली. आधी उघडून तर बघ, असं ते म्हणाले, तर तिने त्यांनाही झापलं. हातातला अंक चार दिवसांनी छापायला गेला, तशी पेचकस पिशवीत टाकून ती तरातरा भावाकडे गेली.

दादाने दार उघडलं तेव्हा तो घामाने निथळत होता. खोलीची भट्टी झाली होती. घरातला एकुलता एक उभा पंखा कॉम्प्युटरकडे तोंड करून घरघरत होता. कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढलेला, आणि सगळा वारा थेट कार्डावर.

"आला बघ तुझा आकडा," तो म्हणाला. पडद्यावर सहासष्ट. "चार दिवस खटपट केली. म्हटलं, चूक माझीच असणार. तू कशी चुकशील?"

तरी तिने कार्ड खोलून पाहिलं. तांब्याच्या नळ्या तिने तपासलेल्या कार्डात होत्या तितक्याच, पंखे तेच. कंपनीने कणभरही फसवलं नव्हतं. ती उभ्या पंख्याकडे बघत राहिली आणि तिला स्वतःची तपासणीची खोली आठवली. तिथे कार्ड उघड्या टेबलावर असायचं. आवाज मोजताना ती खोलीतला पंखा बंद करायची, कारण त्याची घरघर मापात यायची. मग तापमान मोजण्याचा अर्धा तास सुरू झाला की जीव उकडायचा आणि ती पंखा लावायची, स्वतःसाठी. कार्ड शांत होतं तेव्हा पंखा बंद होता, थंड होतं तेव्हा चालू. पंधरा वर्षं ती हे दोन आकडे शेजारी शेजारी छापत आली होती.

तिला स्वतःचाच संताप आला. तिने पुन्हा संपादकांना फोन लावला. कोपऱ्यात दोन ओळींची दुरुस्ती टाकू, उगाच बोभाटा नको, असं ते म्हणाले.

"कोपऱ्यात नाही. पहिल्या पानावर, आणि मागच्या सगळ्या कार्डांसकट."

तिने कार्ड उष्णता वाहून नेणारा नवा लेप लावून बसवलं, पत्रा ठोकला आणि पंखा दादाकडे फिरवला.

"अगं, आकडा चढेल."

"चढू दे," ती खेकसली.

दोघं पडद्याकडे बघत बसली. सत्तर. एकोणऐंशी. सत्त्याऐंशीला तिने वहीत नोंद केली. तोवर दादाचा घाम वाळला होता.

"म्हणजे मी चार दिवस उगाच भाजलो?"

"हो," ती म्हणाली. "माझ्यामुळे."