दारामागचा केपेनेक

केझबाननं कुत्र्याच्या पिल्लाला मानगुटीला धरून उंबऱ्यावरून उठवलं आणि अंगणातून ओढत मेंढवाड्याकडे नेलं. पिल्लू म्हणायचं ते आता नुसतं सवयीनं. दुमान तिच्या मांडीला लागत होता आणि त्याचे पंजे तव्यावरच्या भाकरीएवढे झाले होते. तो गुरगुरला नाही, की त्यानं अंग झटकलं नाही. चारी पाय ताठ करून, मनाविरुद्ध बोहल्यावर निघालेल्या नवरदेवासारखा फरफटत आला. तिनं फाटक उघडून त्याला आत ढकललं. मेंढ्यांनी माना वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातल्या.

“परत दाराशी?” खिडकीतून सासूनं विचारलं.

“परत.”

“तू भाकरी टाकत असशील त्याला.”

“मी? चुरा तुमच्या खिशात असतो, आई.”

“माझे दात बघ आधी. मलाच ती भिजवून खावी लागते, कुत्र्याला कुठली घालू?” म्हातारीनं खिडकी लावून घेतली. तिला आता उजेड आणि सावली एवढंच कळत होतं, पण खिडकी मात्र ती बरोबर शोधायची.

दुमानला केझबानच्या नवऱ्यानं, बेक्ताशनं, आणलं ते शरद ऋतूत, आईचं दूध सुटल्या सुटल्या. त्यानं अंगातला केपेनेक काढला, मेंढवाड्याच्या कोपऱ्यात कोकरांमध्ये पसरला आणि पिल्लाला त्यावर सोडलं. केपेनेक म्हणजे मेंढपाळाचा नमद्याचा, दाबून घट्ट केलेल्या लोकरीचा झगा. बाह्या नसलेला, फळीसारखा ताठ, पाऊस आणि लांडगा दोन्ही झेलणारा. त्याच्या वडिलांनीही त्यांच्या कुत्र्याला असंच वाढवलं होतं. “कुणी हात लावायचा नाही,” बेक्ताशनं दोघींना बजावलं होतं. “लाड नाही, घरात नाही. त्याला मेंढ्यांचा वास आणि माझा वास एकच वाटला पाहिजे. मग तो मेंढ्या सोडून कुठे जाणार नाही.”

“आणि तू काय पांघरणार?” केझबाननं विचारलं होतं.

“तू आहेस की,” तो म्हणाला होता, सासूसमोर. म्हातारीनं ऐकू आलं नाही असं दाखवलं होतं.

ऐन हिवाळ्यात मेंढवाड्याच्या छपरावरचं बर्फ ओढताना बेक्ताश शिडीवरून उतरला, शिडीला टेकून बसला आणि उठलाच नाही.

केझबान रडली नाही. आलेल्या बायकांनी तिला कुशीत घेतलं, हलवलं, एकीनं तर दंडाला चिमटाही काढला. थंडीनं बधिर झालेल्या बोटाला सुई टोचावी तसं झालं. टोचलेलं कळलं, दुखलं नाही. पुढेही तसंच. ती दूध काढायची, दही लावायची, सुपात एकदा मीठ घालायचं ते दोनदा घालायची आणि तेच सूप पिऊन टाकायची. म्हातारीही पिऊन टाकायची.

एप्रिलमध्ये दुमान उंबऱ्यावर असताना लांडग्यानं मेंढवाड्याची भिंत चढून काजळडोळी मेंढी नेली. खाली ओढ्याशी लोकर सापडली. केझबाननं ती गोळा केली, धुतली आणि वाळत घातली.

हुरशित, तिचा धाकटा दीर, ऐकल्याबरोबर शहरातून आला. त्याचं तिथं टायरचं दुकान होतं. चहाचा पेला हातात घेऊन तो दारातूनच कुत्र्याकडे बघत बसला.

“वहिनी, हे दाराचं कुत्रं झालंय. दाराला लागलेलं कुत्रं कळपाला लागत नाही. तुम्ही लाडावलंत त्याला.”

“मी बोटसुद्धा लावलं नाही, भावजी.”

“मग आईनं.”

“मी?” म्हातारी म्हणाली. “मी तर तुझेसुद्धा लाड केले नाहीत. म्हणून तर टायर विकतोस.”

हुरशित हसला, पण पेला खाली ठेवला. “कातरणीच्या दिवशी मी व्यापाऱ्याला घेऊन येतो. तोवर कुत्रं कळपाला लागलं, तर माझं काही म्हणणं नाही. नाही लागलं, तर मेंढ्या विकू, तुम्ही दोघी माझ्याकडे चला. याला दुकानापुढे साखळीला बांधीन. दोन बायका आणि एक दाराचं कुत्रं, यावर कळप टिकत नाही.”

त्यात खोटं काही नव्हतं. बेक्ताशच्या आजोबांपासूनचा कळप होता, आणि हुरशितच्या घरी तिसऱ्या मजल्यावर एक खोली होती.

“बरं,” केझबान म्हणाली. मग तिनं मुठीत बघितलं. चहासाठी घेतलेल्या साखरेच्या खड्याचं पीठ झालं होतं.

पुढच्या आठवड्यात दुपारी गारांसकट पाऊस आला. वाळत घातलेली लोकर कवेत घेऊन ती घाईनं घरात शिरली. हात गुंतलेले, दार ढकललं ते पायानं. त्या फटीतून दुमान तिच्या पायांमधून आत घुसला. आजवर त्यानं कधी उंबरा ओलांडला नव्हता. तो चुलीकडे गेला नाही, टोपलीतल्या भाकरीकडे गेला नाही. सरळ दाराच्या मागे वळला.

तिथं केपेनेक उभा होता.

ताठ नमद्याचा असल्यामुळे तो कुणाच्या आधाराशिवाय उभा राहायचा, डोकं नसलेल्या माणसासारखा. बेक्ताशला नेलं त्या दिवशी केझबान मेंढवाड्यात गेली होती, केपेनेकवर झोपलेल्या पिल्लाला तिनं बाजूला सारलं होतं आणि तो उचलून घरात आणला होता. पहिल्या संध्याकाळी म्हातारी त्या सावलीला “बस की रे” म्हणाली होती. मग दोघींनी त्याचं नाव काढलं नाही. त्याच्यामुळे दार अर्धंच उघडायचं, दोघी तिरक्या होऊन ये-जा करायच्या. म्हातारी झोपली की केझबान कधीकधी त्याच्या आत जाऊन उभी राहायची. काही व्हायचं नाही. तरी उभी राहायची.

दुमाननं केपेनेकच्या घेरात डोकं घातलं, स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि आत अंग दुमडून बसला. त्याच्या अंगावरच्या पाण्यानं नमदा भिजला. धूर, दूध आणि मेंढ्यांचा वास खोलीभर झाला.

“बेक्ताश आला का गं?” पेंगुळलेल्या म्हातारीनं विचारलं. मग ती पुरती जागी झाली.

केझबान लोकर छातीशी धरून उभी होती. उंबऱ्यापासून दाराच्या मागचा कोपरा हातभर अंतरावर. इतके दिवस हे कुत्रं दाराशी येत नव्हतं. दारामागं येत होतं.

“आई,” ती म्हणाली, “तो झगा मेंढवाड्यात न्यावा लागेल.”

म्हातारीनं बराच वेळ माळेचे मणी ओढले. “कोकरं मुततील त्याच्यावर.”

“मुततील.”

“वास जाईल.”

“जाईल.”

“मग ने. विचारतेस काय.”

घडी होत नव्हती, म्हणून केझबाननं तो अंगात घातला. खांद्यांपाशी आतून तो कोरडा होता. खांदे जड झाले, हात आत अडकले. ती अंगणातून हळूहळू निघाली आणि दुमान तिच्या मागे. फाटकाशी पोचायच्या आधीच मेंढ्या ओरडायला लागल्या. एक नाही, दोन नाही, सगळ्या. धावत येऊन फाटकाला भिडल्या, एकमेकींवर चढल्या. ती आत गेली तशा तिच्याभोवती गोळा होऊन नमद्याला तोंडं घासू लागल्या. थोरली मेंढी तिच्या चेहऱ्याकडे बघत थांबली आणि मग एक पाऊल मागे सरली.

“हो,” केझबान तिला म्हणाली. “मीच आहे.”

तिनं केपेनेक काढून कोपऱ्यात पसरला.

दुसऱ्या सकाळी दुमान पुन्हा उंबऱ्यावर होता. तिनं दार उघडलं, त्यानं नाक आत घालून हुंगलं आणि स्वतःहूनच परत गेला. त्यानंतर आला नाही.

कातरणीच्या दिवशी हुरशित व्यापाऱ्याला घेऊन आला आणि सरळ फाटकाकडे गेला. केझबान चहा गाळत होती तेवढ्यात त्याची हाक आली.

“वहिनी! अहो वहिनी, हे मला आत जाऊ देईना!”

दुमान फाटकात आडवा उभा होता. भुंकत नव्हता. दात विचकलेले, पाठीमागे मेंढ्या.

“मी घरचा आहे, सांगा त्याला!”

“सांगून बघते,” केझबान म्हणाली, पण जागची हलली नाही. व्यापारी हसत गाडीकडे वळला होता. हुरशितनं चहा अंगणातच, उभ्यानं घेतला. जाताना त्यानं फाटकाकडे एकदा बघितलं आणि मान हलवली. “दादाचा तो कुत्र्याचा गळपट्टा, लांडग्यापासून राखणारा, खिळ्यांचा, कुठंय? घाला याला.”

“घालते.”

गाडी गेल्यावर ती गळपट्टा आणायला घराकडे आली आणि तिनं दार ढकललं. इतके दिवस सवयीनं अर्धंच उघडलेलं दार पुरतं उघडून भिंतीवर धाडकन आपटलं. चुलीवरचं झाकण थरथरलं.

“कोण आलं गं?” आतून म्हातारी म्हणाली.

“कोणी नाही, आई. दार उघडलं नुसतं.”

ती आत गेली नाही. खाली बसली, उंबऱ्यावर, जिथं दगड कुत्र्याच्या अंगानं तुळतुळीत झाला होता. तिचे खांदे हलायला लागले. आवाज येत नव्हता.

म्हातारी काठी टेकत, भिंत चाचपत दारापर्यंत आली. काठी केझबानला लागली.

“अरे! परत आलास होय रे गाढवा?” ती पुटपुटली, आणि खाली वाकली. एक हात खिशात गेला, चुऱ्यासकट बाहेर आला. दुसरा न चाचपडता डोक्यावर पडला आणि सवयीनं कानामागे खाजवू लागला.

“आई, मी आहे.”

हात थांबला. मग तिच्या डोक्यावरचा रुमाल सरकवून केसांवरून फिरायला लागला.

“असू दे,” म्हातारी म्हणाली.